पात्याच्या जाडीची फट

मी एक जुनी शहाबादी फरशी आहे. खरं बोलायचं तर अर्धी. उरलेली अर्धी माझ्या शेजारीच आहे आणि आम्हा दोघींच्या मध्ये एका पात्याच्या जाडीएवढी फट आहे. ती फट कशी पडली आणि अजून का बुजली नाही, तेच मी सांगणार आहे. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून मी तुम्हाला मित्र म्हणते. नाहीतर माझ्यावर कोपरं टेकून जेवायचं, माझ्याच कडेला बोटं पुसायची आणि वाट बघताना कंटाळा आला की किल्लीनं माझ्याच अंगावर नाव कोरायचं, अशा माणसांशी मैत्री करायची हौस मला कधीच नव्हती.

त्यातून लिंबू हा माझा जन्माचा वैरी. मी चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबाचा थेंब पडला, की तिथली माझी कातडी जळते आणि पांढरट डाग उठतो. तो घासून जात नाही, पुसून जात नाही. आणि मी कुठं येऊन पडले? तर मासे खायच्या हॉटेलात, जिथं प्रत्येक ताटलीत लिंबाची फोड असते. माझ्या अंगावर आता इतके डाग आहेत, की लांबून ती नक्षी वाटते. एका बाईनं कौतुकानं माझा फोटोही काढला होता. भाजलेल्या कातडीचा फोटो काढतात आणि वर ‘किती छान’ म्हणतात!

असो. सुरुवातीपासून सांगते.

शहाबादच्या बाजूला खाणीत आम्ही थरावर थर अशा निजलेल्या होतो. पहारी लावून माणसांनी मला वरच्या-खालच्या बहिणींपासून सुटी केली, ट्रकमध्ये उभी रचली आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं उमरग्याला आणली. तिथं लिंबाजी नावाच्या माणसानं मला पसंत केलं. लिंबाजीला रस्त्यालगत चहा-नाष्ट्याचं हॉटेल काढायचं होतं आणि त्यासाठी एक लांब टेबल हवं होतं. दुकानदार म्हणाला, दोन लहान घ्या, जोडून बसवा, स्वस्तात पडेल. लिंबाजी ऐकेना. “जोड नगं. जोडात चहा मुरतो, माशा बसत्यात. मला अखंड पायजे.”

मला बसवायला दादामियाँ आले. गावात फरशी बसवावी ती दादामियाँनी, असं लोक म्हणत. त्यांनी विटांच्या खांबांवर मला ठेवलं आणि पाणी मारत, घासत, पुन्हा पाणी मारत माझं अंग असं गुळगुळीत केलं, की लिंबाजीनं माझ्यावर हात फिरवला आणि तो हात बराच वेळ उचलला नाही. माझ्या आयुष्यात माझं झालेलं खरं कौतुक तेवढंच. बाकीची नुसती बोलबच्चनगिरी.

मग कामाची वर्षं आली. सकाळी इडली, चुरमुऱ्यांचा सुशीला, भजी, आणि दिवसभर चहा. लिंबाजी माझ्या एका अंगाला स्टोव्हपाशी उभा राहायचा आणि गिऱ्हाइकं दुसऱ्या अंगाला बाकावर बसायची. चहात घालायचं आलं तो माझ्यावरच ठेचायचा, अगदी मधोमध, काळ्या दगडी बत्त्यानं. रोज त्याच जागी. मला दुखत नसेल असं तुम्हाला वाटतं? पण दिवसांमागून दिवस जाता जाता तिथं एक उथळ खळगा पडला, आल्याचा रस त्यातच साचायला लागला, आणि गिऱ्हाइकं म्हणायला लागली, की लिंबाजीच्या चहाची चव त्या खळग्यात आहे. ट्रकवाले, दवाखान्यात आलेले पेशंट, कोर्टाच्या तारखेला आलेले, सगळे त्या खळग्याकडे बघत चहाची वाट बघायचे.

लिंबाजीला दोन मुलं. थोरला बिरदेव, धाकटा युवराज. बिरदेवानं लहान वयात तुळशीची माळ घातली आणि मास-मच्छी सोडली. युवराज मात्र बापावर गेला होता. बाप तलावातल्या मरळीचं कालवण म्हटलं की हातातलं काम टाकायचा. धाकटा पुढं रत्नागिरीला एका हॉटेलात कामाला लागला. आधी भांडी घासली, मग मासे साफ केले, मग तव्यापाशी पोचला. थोरला इथंच बापाच्या हाताखाली इडली शिकला. तोवर सगळं बरं चाललं होतं, म्हणजे दोघं एकमेकांपासून लांब होते.

लिंबाजी गेला आणि युवराज बायकोला, निकिताला, घेऊन परत आला. आल्या आल्या म्हणाला, “दादा, सकाळी तुमची इडली राहू द्या. दुपारच्याला आपन समुद्राचं मासं ठेवू. सोलापुरास्नं बर्फात येतंय सगळं.”

बिरदेवाच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. “आबांच्या हाटेलात मासा? माझ्या गळ्यात माळ हाय, युव्या.”

“आबांच्या गळ्यात न्हवती.”

झालं. एवढ्या एका वाक्यावर सख्खे भाऊ वैरी झाले. वाटणी ठरली. हॉटेलच्या मधोमध विटांची भिंत चढली. आणि वाटणी म्हणजे कशी, तर पिसं मोजून घ्यावीत अशी. इडलीचं पातेलं धाकट्याकडे आणि त्यातल्या साच्याच्या थाळ्या थोरल्याकडे, असंही त्यांनी वाटून घेतलं. दोघांपैकी एकालाही त्या रात्री इडली करता आली नसती. पण समान वाटणी झाली ना, बस्स.

शेवटी मी उरले. कुणीतरी सुचवलं, एकानं फरशी घ्यावी, दुसऱ्यानं बदल्यात दुसरं काही घ्यावं. बिरदेव म्हणाला, आबांचा हात या खळग्यात आहे, ही मी मासे ठेवायला देणार नाही. युवराज म्हणाला, मग मीही देणार नाही. तेव्हा ठरलं, की मला कापायचं.

दादामियाँना बोलावलं. ते आता बरेच म्हातारे झाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दोन्ही भावांकडे बघितलं, आणि म्हणाले, “तुमच्या बापानं जोड नको म्हणून ही निवडली रे. आन मी तिला कापू?”

“चाचा, तुमी न्हाय कापली तर दुसरा कापंल,” बिरदेव म्हणाला.

दुसरा कापेल म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. दुसऱ्यानं मला फोडली असती. त्यांनी गेरूत बुडवलेलं सूत माझ्यावर ताणलं आणि सोडलं. लाल रेघ उमटली ती बरोबर खळग्याच्या मधून. कटर सुरू करणार, एवढ्यात बिरदेव पुढं झाला.

“चाचा, पातं रेघेच्या कोनत्या अंगानं चालवनार?”

“म्हंजे?”

“म्हंजे पात्याला जाडी हाय की. पातं जेवढं खानार, तेवढी फरशी कुनाच्या वाट्यातनं जानार?”

युवराजच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. पण ध्यानात आल्यावर तो कशाला मागं राहतो? “माझ्यातनं न्हाय जानार!” मग जे भांडण लागलं ते सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत. एक म्हणे पातं रेघेच्या पलीकडून चालव, दुसरा म्हणे अलीकडून. शेजारपाजारचे येऊन उभे राहिले. तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीच्या दगडासाठी दोन बाप्ये एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि ज्या दगडासाठी हे चाललं होतं तो, म्हणजे मी, मुकाट उघडी पडले होते. मला तोंड असतं तर दोघांचंही नाव घेऊन असं बोलले असते, की उमरग्यात पुन्हा कुणी वाटणी काढली नसती.

अखेर दादामियाँनीच हात वर केला. “गप बसा दोघं. पातं रेघेवरनं चालंल. ते जे खाईल ते न्हाय तुझं, न्हाय ह्याचं. ती धूळ माझी. तीच माझी मजुरी समजा.”

त्यांनी मला कापलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. पांढरी धूळ उडत होती आणि डोळ्यांत गेली म्हणून दादामियाँ डोळे पुसत होते, असं बघणाऱ्यांना वाटलं. कापून झाल्यावर त्यांनी जमिनीवरची धूळ हातानं गोळा केली, तुपाच्या रिकाम्या डब्यात भरली आणि ते घरी गेले.

मी धाकट्याच्या वाट्याला आले. त्यानं मला मधल्या भिंतीला लावून बसवलं, कापलेली कड भिंतीकडे. पलीकडे थोरल्यानंही नेमकं तसंच केलं. एवढी वर्षं एका अंगाच्या असलेल्या आम्ही दोघी आता विटेच्या दोन बाजूंना तोंडं करून बसलो. माझ्याकडे अर्धा खळगा, तिच्याकडे अर्धा. त्यात आलं ठेचायला गेलं, तर रस भिंतीवरून खाली उतरायचा. दोघांनीही ठेचणं सोडलं आणि मिक्सर आणला.

भिंतीतून मला तिचं सगळं ऐकू यायचं. तिकडे उदबत्ती, तिकडे अभंगांची टेप, तिकडे पांढरीशुभ्र इडली. तिला आपण सोवळ्यातल्या झाल्यासारखं वाटायला लागलं होतं. माझ्याकडे पहिल्यांदा बांगडा तळला, तेव्हा पलीकडून ती ‘शी’ म्हणाली. मी ऐकलं. सख्ख्या बहिणीनं शी म्हणावं! त्या दिवसापासून मीही तिच्याशी बोलणं टाकलं.

युवराजनं दारावर पाटी लावली, ‘युवराज सी-फूड’. खाली बारीक अक्षरात ‘रविवारी ब्रंच’. रत्नागिरीत त्यानं ते बघितलं होतं. लोक विचारायचे, हे काय? तो सांगायचा, “नाष्टा चुकलेल्यानं आन जेवनाची वाट न बघवनाऱ्यानं मधीच येऊन खायचं.” सुरुवातीला कुणी फिरकलं नाही. तलावातला मासा खाल्लेली माणसं ती. समुद्राच्या माशाचा वास वेगळा. दारापर्यंत यायची आणि नाक मुरडून जायची. पण निकितानं कोकम घातलेल्या सुरमईच्या रश्शाबरोबर ज्वारीची गरम भाकरी द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू बाक भरायला लागला. माझ्यावर हळद सांडली, तेल सांडलं, काट्यांचे ढीग पडले, आणि लिंबं पिळली गेली. ज्यानं त्यानं. दर वेळी.

भाऊ मात्र थंडावले नव्हते. युवराजनं धूर बाहेर काढायला पंखा बसवला तो नेमका थोरल्याच्या दाराकडे तोंड करून. थोरल्यानं भर दुपारी धुपाटणं पेटवायला सुरुवात केली, आणि इतका धूप घालायचा, की खाणाऱ्यांना ठसका लागायचा. इकडे तळणाचा आवाज वाढला, की तिकडे टेपचा आवाज वाढायचा. निकिता कधी समोर दिसली, तर बिरदेव पदरानं नाक झाकावं तसं उपरणं नाकाला लावायचा. ती तिथंच उभी राहून मासे धुतलेलं पाणी सावकाश ओतायची. मला हे सगळं बघायला आवडायचं. खोटं कशाला बोलू? मला कापणाऱ्यांना सुख का मिळावं?

आता पुढचं घडलं ते दादामियाँमुळे. दर रविवारी ते आधी बिरदेवाकडे जायचे, इडली बांधून घ्यायचे आणि ते पुडकं घेऊन सरळ आमच्याकडे येऊन बसायचे. सुरमईचा रस्सा मागवायचा आणि इडली त्यात बुडवायची. “इडलीला एवढी भोकं कशाला दिली असतील?” ते शेजारच्याला विचारायचे. “रस्सा प्यायला, बेटा.” शेजारच्यानं खाऊन बघितलं. त्याच्या शेजारच्यानं बघितलं. थोड्याच रविवारांत अशी रीत पडली, की सकाळी उशिरा उठायचं, थोरल्याची इडली बांधून घ्यायची आणि धाकट्याच्या रश्शात खायची. थोरल्याची इडली रविवारी हातोहात खपायची. तो मनात म्हणायचा, शेवटी लोकांना सात्त्विक खाणंच गोड लागतं.

एका रविवारी कुणीतरी त्याला खरं सांगितलं. बिरदेव पळी हातात घेऊनच आमच्या दारातून आत आला. भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच. बापाच्या फरशीवर, अर्ध्या खळग्याशेजारी, त्याची पांढरी इडली तांबड्या रश्शात पडलेली त्यानं बघितली.

“ही माझी इडली हाय!” तो ओरडला.

“तुझी व्हती,” दादामियाँ घास घेत म्हणाले. “आता माझ्या पोटात चाललीया.”

“चाचा, तुमी मोठे हाव, तुमाला काय बोलनार. पन तू, युव्या! तुला माझी माळ बाटवायचीय.”

“म्या बोलावलं का तुमच्या इडलीला?” युवराज तव्यामागून म्हणाला. “ती सोता हून येती. तुमी वाढता ते सपकवनी सांबार खाऊन कटाळली असंल.”

पुढच्या रविवारी थोरल्याच्या दाराला पाटी लागली, ‘रविवारी पार्सल मिळणार नाही’. इडली आतच बसून खायची, आणि पुडकं दिसलं की काढून घ्यायचं. लोकांनी एकदोनदा समजूत घातली, मग येणंच सोडलं. थोरल्याच्या इडल्या उरायला लागल्या. आमचाही रस्सा नुसता भाकरीवर पूर्वीसारखा खपेना. दोघांचाही रविवार मोडला. एवढ्यावर शहाणी माणसं थांबली असती.

बिरदेव थांबला नाही. दोन्ही दुकानांपुढून एक उघडी नाली जाते. एका शनिवारी सकाळी त्यानं हमाल लावले, आपल्या वाटणीची फरशी, म्हणजे माझी बहीण, खांबांवरून उचलली, बाहेर आणली आणि बरोबर आमच्या दारापुढं त्या नालीवर टाकली. खळगा वर. आमच्याकडे मासे खायला येणाऱ्यानं तिच्यावर पाय देऊनच आत यावं, अशी.

निकिता धावत बाहेर आली. “भावजी, आबांचा हात हाय की त्याच्यावर! गटारावर टाकताव?”

“आबांचा हात असलेल्या फरशीवर मासं चालत्यात तुमाला, तर पाय का चालू नये?” मग त्यानं युवराजकडे बघितलं. “मासं बंद कर. आत्ता. ही फरशी धुऊन, पुसून, म्या सोता तुझ्या दुकानात आनून देतो. दोन्ही अर्ध्या तुझ्या. न्हायतर पडू दे हितंच.”

युवराज आत आला. त्यानं गॅस बंद केला. तव्यावरचे बांगडे अर्धेकच्चे राहिले. तो माझ्यापाशी बसला आणि त्यानं हात माझ्यातल्या अर्ध्या खळग्यात ठेवला. खळगा अर्धा, म्हणून हातही अर्धाच मावला.

“गॅस कशाला बंद केलाव?” निकितानं विचारलं.

“आबा दारात गटारावर पडलेत. आन आपन आत बांगडं तळावं?”

“मंग? बंद करायचं समदं? पुन्ना रत्नागिरीला जाऊन भांडी घासनार हाव का?”

एकीकडे बाप, एकीकडे पोट, आणि दोन्हीच्या मध्ये भाऊ. त्या दिवशी त्यानं दुकान पुन्हा उघडलं नाही. पाटीकडे दोनदा बघितलं मात्र. मला वाटलं, संपलं. आता पाटी उतरणार, मासे जाणार, आणि हा मूर्ख थोरला जिंकणार. मासे गेले तर लिंबंही जातील, म्हणजे मला आनंदच व्हायला हवा होता. पण झाला नाही. का झाला नाही, ते मला विचारू नका.

रविवारी सकाळी युवराजनं दोन ट्रकवाल्यांना आत बोलावलं आणि माझ्याकडे बोट केलं. त्यांनी मला उचललं. मी बाहेर आले. ऊन अंगावर आलं, नालीचा घाण वास आला, आणि मला तिच्या शेजारी, कापलेली कड कापलेल्या कडेला लावून, नालीवर ठेवलं. एक अर्धी एका दारापुढं, दुसरी दुसऱ्या. त्यासाठी युवराजनं तिलाही थोडं सरकवलं, असं, की खळगा नेमका भिंतीच्या रेषेत आला आणि पुन्हा गोल झाला.

बिरदेव पळी घेऊन दारात उभा होता. “काय करतूयास?”

युवराजनं हात झटकले. “आबा अर्धेच गटारावर बरं दिसत न्हाईत, दादा. ठिवायचं तर पुरतं ठिवू.”

आणि आत जाऊन त्यानं गॅस पेटवला.

इतक्या वर्षांनी मी आणि माझी बहीण शेजारी निजलो. तुम्हाला वाटेल, आम्ही गळ्यात पडलो. ती म्हणाली, “सरक.” मी म्हणाले, “तूच सरक. तुझ्यामुळंच इथं आलेय.” खालून पाणी वाहत होतं आणि आम्ही दोघी भांडत होतो.

आता गंमत बघा. सबंध उमरगा त्या खळग्याला ओळखत होता. आमच्यावर पाय कुणी देईना. रविवारचं एक जोडपं आलं, बघितलं आणि परत गेलं. एक ट्रकवाला चपला काढून उभा राहिला आणि मग त्यालाही धीर झाला नाही. दोन्ही दारांपुढं आम्हीच, तेव्हा ना इडलीला कुणी आत जाई, ना सुरमईला. बिरदेवाला दूध आणायला बाहेर पडायचं होतं. त्यालाही पाय देववेना. त्यानं धोतर खोचलं, उडी मारली आणि एक पाय थेट नालीत गेला. रस्त्यावरचे हसले. निकिता दारात उभी राहून अगदी मोकळेपणानं हसली.

मग एक कुत्रं आलं. खळग्यात नुकतंच कुणीतरी सांडलेलं पाणी सांध्यातून अजून पुरतं झिरपलं नव्हतं. ते कुत्रं माझ्यावर चढलं आणि लपालप ते पाणी प्यायला लागलं, त्याच खळग्यातलं, ज्यात लिंबाजी आयुष्यभर आलं ठेचत होता.

बिरदेवानं पळी फेकून मारली. कुत्रं पळालं. तो तसाच नालीच्या कडेला बसला, उपरण्यानं त्यानं खळगा पुसला, पुन्हा पुसला, आणि मग दोन्ही हात तिच्याखाली, माझ्या बहिणीखाली, घालून तिला उचलायला लागला. ती हलली नाही. आम्ही अर्ध्या असलो तरी एका माणसाला उचलण्यासारख्या नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, माळ लोंबकळून माझ्या कडेला आपटली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

युवराज बाहेर आला. हातांना कोपरापर्यंत मासळीचा मसाला. तो वाकला आणि दुसऱ्या बाजूनं हात घालणार, तेवढ्यात बिरदेव मान वर न करता म्हणाला,

“हात धुऊन ये आधी.”

युवराज आत गेला, साबणानं हात धुतले, आला. दोघांनी आधी तिला उचललं, मग मला.

पण न्यायचं कुठं? थोरल्याच्या आत नेली तर धाकट्याची गेली, धाकट्याच्या आत नेली तर थोरल्याची. पुन्हा तोंडं फुगली. तेव्हा आम्हाला नालीच्या अलीकडं, दोन्ही दारांमध्ये, पत्र्याच्या सावलीत विटांवर बसवलं. मी माझ्या दाराच्या बाजूला, ती तिच्या, आणि मध्ये पात्यानं खाल्लं तेवढी फट. तेव्हापासून आम्ही इथंच आहोत. रविवारी लोक इडलीची ताटली तिच्यावर ठेवतात, रश्शाची वाटी माझ्यावर ठेवतात आणि मधून हात पलीकडे नेऊन बुडवून खातात. बिरदेव दारातून डोळ्यांत तेल घालून बघत असतो. रस्सा सांडला, की वाहत वाहत कडेला येतो, फटीतून खाली मातीत पडतो, आणि तिच्यापर्यंत पोचत नाही. मग बिरदेव आत जातो. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मीही तिच्याशी कामापुरतंच बोलते.

सकाळी मात्र बिरदेव बत्ता घेऊन येतो आणि खळग्यात आलं ठेचतो. मिक्सर त्यानं ठेवून दिला. पण अर्धा रस फटीतून मातीत जातो. हे दादामियाँनी बघितलं आणि एके दिवशी ते तो तुपाचा डबा घेऊन आले.

“तुमची धूळ,” ते म्हणाले. “जपून ठिवली व्हती. केमिकलमधी कालवून फट भरून देतो. एका रंगाचं व्हईल. लिंबाजीला जोड नको व्हता, दिसनार पन न्हाय कुठं कापलं ते.”

“नगं!”

दोन्ही दारांतून एकदमच आवाज आला. भिंत झाल्यापासून दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच. दोघांनाही ते लक्षात आलं असावं, कारण दोघांनीही लगेच तोंडं फिरवली. दादामियाँनी तो डबा माझ्या खालच्या विटेपाशी ठेवून दिला. अजून तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरदेव आलं ठेचायला बसला. पहिला घाव घातला, तसा खाली थेंब पडल्याचा आवाज आला. मातीत पडतो तसा नव्हे. त्यानं वाकून बघितलं. फटीच्या बरोबर खाली एक स्टीलची वाटी होती. समोर दारात युवराज उभा होता, दुसरीकडेच बघत.

“धुतलीया का ही?” बिरदेवानं विचारलं.

“दोनदा.”

बिरदेव ठेचायला लागला.

मित्रांनो, माझ्यासारख्या फरशीला साध्या पाण्यानं पुसा, लिंबू लांब ठेवा आणि वाटण्या करायच्याच असतील तर खुशाल करा, माझं ऐकणार कोण आहे? फक्त मधून पातं चालवल्यावर ते जे खातं, ते पुन्हा मिळत नाही. नंतर तिथं वाटी ठेवावी लागते. धुतलेली.

आता कोपरं उचला. रस्सा गरम आहे.